देवचाराचा मोबाइलवरचा कौल

"बा देवचारा म्हाराजा, ह्या डोरथीच्या घरात तुझो वावर आसा?"

"व्हय म्हाराजा!" धामापूरच्या डोरथीच्या अंगणात जमलेली अख्खी वाडी ओरडली.

बाबली भगताने मोबाइलवर बोटं नाचवली आणि पडदा सगळ्यांपुढे धरला. डोरथीच्या होमस्टेच्या नावाखाली ओळ उमटली होती: '...या घराभोवती देवचार फिरतो, रात्री बाहेर पडू नका...'

"अगो बाय माझे!" बायका मागे सरकल्या.

"बघलात? देव थेट नेटवर इलो! डोरथी, खोल्यो बंद कर. दर अमाशेक कोंबडो आणि बाटली दी. नायतर पावण्यांक धरतलो!"

मे महिना तोंडावर, खोल्या भरलेल्या आणि त्यांच्यावरच डोरथीचं घर चालणार. ती बिचारी रडत रडत पाहुण्यांना 'येऊ नका' म्हणून कळवायला लागली. माझं डोकंच सणकलं! मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. गावाची राखण करत फिरणाऱ्या देवचारासारख्या भुतालाही रेंज लागते हे मला नवीन होतं.

"भगतानू, शोधूक काय लिवलात?"

"तेचाच नाव!"

मी मोबाइल ओढून घेतला. होमस्टेच्या नावापुढे 'देवचार' लिहिलेलं. ते पुसून मी 'मोरीचं मटण', म्हणजे मोरी माशाचा रस्सा, लिहिलं. पान तेच, ओळ बदलली: '...मोरीचं मटण आदल्या दिवशी सांगावं...'

"देवचार मोरी खाता?" शेजारची किशोरी खिदळली.

मग काय विचारता!

"बाई, संडास घाला!"

'...संडास खोलीला लागूनच...'

"मांजर घाला!"

'...आमची मांजर ताटात तोंड घालते, सांभाळा...'

माणसं पोट धरून हसत होती. डोरथी डोळे पुसत पुढे आली.

"अरे, ह्या सगळा होमस्टेच्या पानार मीच लिवलंय, भियान ध्यानातच इला नाय! 'आजोबा गमतीत सांगत, या घराभोवती देवचार फिरतो, रात्री बाहेर पडू नका, फणस डोक्यात पडेल!'"

"मोबाइल तापलो, म्हणान देव गेलो," बाबली पुटपुटला आणि चपला शोधू लागला.

मंडळी, यात कसला चमत्कार? आपण जे शब्द टाकतो, ते पानावर जिथे सापडतात तिथला तुकडा शोधयंत्र बहुतेक वेळा उचलतं. मागचं-पुढचं छाटून जागेत बसेल तेवढंच दाखवतं. तेव्हा हात जोडण्याआधी शोधायला काय लिहिलं ते विचारा, आणि पान उघडून पुरतं वाचा.

डोरथी तोवर फोनवर ओरडत होती, "या, या! खोल्या चालू आहेत! देवचार? आहे ना, पण विचारल्याशिवाय येत नाही!"