वरून वाढलेली आमटी

डोलवीच्या अलीकडच्या एका गावात रोज सकाळी पिवळी बस येते आणि गावची पोरं इंग्रजी शाळेत घेऊन जाते. मग मराठी शाळेत उरतात ती कातकरवाडीची आणि ठेकेदाराकडे राबायला आलेल्या परप्रांतीयांची पोरं. त्यातली अर्धी उपाशीच येतात. शाळेच्या दीना पेणकर बाई हे बघत होत्या. माणसं इस्रायलला गेली तशी स्वतःच्या ज्यू आळीतली घरंही त्यांनी अशीच एकेक करून बंद होताना पाहिली होती. आता चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दुपारचं जेवण धोंडुबाई रांधायची. पोरांनी ताट जमिनीवर ठेवून मागं सरायचं आणि तिनं पळी उंच धरून वरून वाढायचं, अशी रीत. देवीच्या उत्सवाचा नैवेद्यही तिच्याच हातचा. त्या हाताला कातकऱ्याचं ताट लागलं तर देवळाची चूल बंद, असं शाळा समितीचे अध्यक्ष हैबतराव यांनी बजावलं होतं. बाईंनी दोनदा हटकलं, मग सोडून दिलं. ही गेली तर दुसरी कोण येणार, आणि पोरांना तेवढंच तर धड जेवण.

एके दिवशी कातकरवाडीची, चौथीतली मालू धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. आई वीटभट्टीवर होती. भुकेलं पोर खाली उतरून ताटाकडे झेपावलं आणि वरून पडणारी कढत आमटी त्याच्या मनगटावर सांडली.

बाई त्याला दवाखान्यात नेऊन परतल्या, तर हैबतराव दारात. पटावर नाव नसलेलं पोर शाळेत आणलंच कसं, मालूला घरी बसवा, म्हणाले. पोर भाजलं ते यांच्याच रीतीनं; चोर तो चोर, वर शिरजोर! बाईंच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे.

"मालू इथंच शिकेल. आणि उद्यापासून ताट हातात घेऊन वाढायचं. धोंडुबाईंना जमत नसेल तर मी वाढीन."

दुसऱ्या दिवशी धोंडुबाईनं मालूच्या ताटासाठी हात पुढं केला. मालूनं ताट छातीशी धरलं.

"नको गो आजे. तुला देवलात घेनार नाय."

धोंडुबाईनं पळी खाली ठेवली. जिला ती इतके दिवस लांब ठेवत होती, ती पोर तिचीच चूल सांभाळत होती. तिनं पदरानं डोळे पुसले.

"नाय घेतली तर नाय. आण हिकडं."

नवरात्रात तिला देवळातून बोलावणं आलं नाही. पिवळ्या बसला हात करणाऱ्या आयाबापांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. वाचकहो, त्यांत तुम्ही होतात का, हे तुमचं तुम्ही बघा. मला आता विचारायचाही कंटाळा आला आहे. मालू मात्र ताट खाली ठेवत नाही.