न मागितलेलं लोणचं

रत्नमालाबाईंच्या घरात सगळ्या ट्यूबलाइट. बल्ब लावायला एक होल्डर नाही. तरी वीज कंपनीचा माणूस दारात दोन बचतीचे बल्ब ठेवून गेला आणि पुढच्या बिलात त्यांचे पैसेही लागले. फोन केला, तर "मॅडम, योजना आहे," एवढंच उत्तर. बाईंचं डोकंच फिरलं.

त्या बल्ब आणि बिल पिशवीत घालून तडक वीज कंपनीच्या क्रांती चौकातल्या कार्यालयात गेल्या. तिथले साहेब नुकतेच डबा उघडून बसले होते. बाईंनी त्यांच्यापुढं कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली. साहेबांनी फोड घेतली, चाखली.

"वा! घरचं दिसतंय."

"व्हय. तीनशे रुपये द्या."

साहेबांचा घास तोंडातच राहिला. "अहो, पण मी कुठं मागितलं होतं?"

बाईंनी बिल आणि पेन पुढं सरकवलं. "आत्ता बोललात तेच यावर लिहा. माझी तक्रार तेवढीच हाय."

साहेबांना ठसका लागला, मग हसू फुटलं. त्यांनी बल्ब परत घेतले, बिल दुरुस्त करून दिलं.

"लोणचं ठेवा तुम्हाला," बाई दारातून म्हणाल्या. "बरणी मात्र रिकामी पाठवू नका. आणि साहेब, त्यात बल्ब घालू नका!"