एक थापून बघायची

“नाकतोडे खाल्ले की नाही, ते आधी सांगा,” पहिल्या रांगेतून ज्ञानेश्वर सोमण म्हणाले आणि सगळा हॉल हसला.

रघुवीर टिपणीस हसले नाहीत. पडद्यावर ओआहाका शहराच्या मंडईतला फोटो होता. टोपलीभर भाजलेले, तिखट-मीठ लावलेले नाकतोडे आणि टोपलीमागे कपाळाला आठ्या घातलेली एक म्हातारी. “नाही खाल्ले. यादीत नव्हते,” एवढंच म्हणून त्यांनी पुढचं बटण दाबलं.

लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ज्येष्ठांची दुपार असते. चर्चचा हॉल भाड्याने घेतात, मोठ्या किटलीत चहा होतो आणि कोणी डॉक्टर गुडघ्यांवर बोलून जातो. या एप्रिलमध्ये मंडळाचे सेक्रेटरी सोमण यांनी ‘सदुसष्टाव्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून दक्षिण मेक्सिको’ असा कार्यक्रम जाहीर केला आणि खुर्च्या कमी पडल्या. निम्मी माणसं मेक्सिको बघायला आली होती. उरलेली निम्मी, बायकोचं वर्ष व्हायच्या आत फिरायला गेलेला नवरा दिसतो तरी कसा, ते बघायला आली होती.

तसा हा माणूस बघण्यासारखा कधीच नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी कौन्सिलच्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. सोमण त्यांना चिडवायचे की टिपणीस जन्मभर वर-खाली करत राहिले, पुढे म्हणून कुठे गेले नाहीत. रघुवीर ते ऐकून घेत, कारण ते खरंच होतं. कामात मात्र त्यांचा एक नेम होता. लिफ्ट दुरुस्त करायची, स्वतः तिच्यातून खालपासून वरपर्यंत जाऊन यायचं आणि मगच कागदावर सही करायची. काम होण्याआधी शब्द द्यायचा नाही. घरातही तोच नेम चालला आणि नुकसान झालं ते तिथेच.

पुढे जायची हौस होती ती सुचेताला. ती लायब्ररीच्या काउंटरवर कामाला होती. लोक प्रवासाची पुस्तकं परत आणून द्यायचे आणि ती शेल्फात ठेवायच्या आधी ही चाळून बघायची. अशाच एका पुस्तकात तिला एक फोटो दिसला. मेक्सिकोच्या दक्षिणेला कुठल्याशा गावात एक बाई चुलीपुढे बसून मक्याची भाकरी थापत होती. संध्याकाळी तिने तो फोटो रघुवीरना दाखवला. “अहो, ही बघा ना, अगदी आमच्या आईसारखी बसलीय. हात बघा तिचे.”

त्या दिवसापासून एक वही झाली. वहीत गावांची नावं, बसचे मार्ग, काय बघायचं आणि काय खायचं ते. केळीच्या पानात उकडलेले तामालेस. पाण्यात फेसलेलं चॉकलेट. ओआहाकाजवळचा डोंगर, ज्याच्यावरून पाणी नाही, नुसता क्षार ओघळून दगड झालाय आणि लांबून धबधबाच वाटतो. सुमिदेरोची दरी, होडीतून. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती थोडं स्पॅनिशही शिकली आणि लागतील तेवढी वाक्यं तिने वहीत देवनागरीत उतरवून ठेवली. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, ‘त्या बाईशेजारी बसून एक थापून बघायची.’

रघुवीर कधी नाही म्हणाले नाहीत, पुढच्या वर्षी म्हणाले. एका वर्षी कामावर माणसं कमी होती, एका वर्षी गुडघा दुखत होता, एका वर्षी ब्रिस्टलला मुलीचं, मालविकाचं, बाळंतपण होतं. अशी अकरा पुढची वर्षं गेली. मग सुचेताच्या पोटात दुखायला लागलं आणि आठ आठवड्यांत माघ वद्य पंचमीला ती गेली. शेवटच्या दिवसांत तिने मेक्सिकोचं नावही काढलं नाही. तिने तक्रार केली असती तर त्यांना ते सोपं गेलं असतं.

दहाव्याचे विधी घरामागच्या बागेत झाले. वेम्ब्लीहून आलेल्या गुरुजींनी विटांच्या बुटक्या भिंतीवर पिंड मांडला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. आधी एक खार आली, तिला हाकललं. मग काळापांढरा मॅगपाय पक्षी आला, त्यालाही जावई प्रणवने टाळ्या वाजवून उडवलं. कावळा होता. शेजाऱ्यांच्या धुराड्यावर बसून खाली बघत होता, पण उतरत नव्हता. मग आपल्याकडे करतात तसं एकेकाने हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. मालविका म्हणाली, आई, मी बाबांना सांभाळीन. तरी नाही. प्रणव म्हणाला, लेकीला, तनूला, मराठी शिकवू. तरी नाही. मालविका रडत साड्यांचं बोलली, देवांचं बोलली, आईने लावलेल्या गुलाबाचं बोलली. धुराड्यावरचा कावळा ढिम्म.

आणि ज्यांना नेमकं माहीत होतं ते रघुवीर तोंड मिटून उभे होते. बोलायचं म्हणजे अकरा वर्षं कोणी टाळाटाळ केली तेही चारचौघांत कबूल करायचं. शिवाय ती नसताना कसलं मेक्सिको आणि कोण जाणार? न झालेल्या कामावर सही कशी करायची? अर्ध्या तासाने गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि विधी पुरा झाला. मालविकाच्या मनातून मात्र ते गेलं नाही. आईची काय इच्छा राहिली, हे ती पुढे कितीतरी दिवस फोनवर विचारत राहिली आणि रघुवीर दर वेळी म्हणत राहिले, काय माहीत.

पुढच्या जानेवारीत त्यांनी वही काढली, एक पाठपिशवी घेतली आणि विमानतळावरून मुलीला फोन केला. पाच आठवडे मेक्सिकोला चाललोय म्हणून सांगितलं. वर्षश्राद्धाची तयारी ब्रिस्टलला तिच्या घरी चालली होती. ती म्हणाली, “बाबा, आईचं वर्ष तरी होऊ द्यायचं. हॉलिडे कुठे पळून जात होता?” त्यावर त्यांनी एकच वाक्य बोलायला हवं होतं आणि नेमकं तेच त्यांना जमलं नाही. परत आल्यावर त्यांनी चार फोन केले. चारही वेळा प्रणव बोलला. तनू कशी आहे ते त्याने सांगितलं आणि मालविका बिझी आहे म्हणाला. एकुलती एक मुलगी आपल्याशी आता बोलणार नाही, या वयात जे काही राहिलंय ते असंच जाणार, ही भीती महिनाभर त्यांच्या मनात होती.

त्यामुळे दगडी धबधब्याचा फोटो पडद्यावर असताना मागचं दार उघडलं आणि मालविका आत आली, तेव्हा त्यांचं बटणावरचं बोट तसंच राहिलं. बोलावणं अर्थात सोमणांचंच होतं. ती एकटीच गाडी घेऊन आली होती. बसली नाही. अंगातला कोट न काढता चहाच्या टेबलाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

फोटो सरकत होते. बारा जणांच्या खोलीत दोन मजली पलंग आणि त्यांवर वाळत घातलेले तरण्या पोरांचे टॉवेल. परातीएवढी कडक भाकरी, वर काळ्या घेवड्याचा लगदा आणि चीज. सुमिदेरोची दरी आणि पाण्याकाठी ऊन खात पडलेली मगर. रघुवीर प्रत्येक फोटोला एखादं वाक्य बोलत होते, तेही पाटी वाचल्यासारखं. लोकांना जरा कंटाळा आला होता. मजा केली म्हणावं तर हा माणूस मजेचं काही सांगतच नव्हता.

पुढचा फोटो दाखवायचा नाही असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. मालविका आल्यापासून मात्र मोजणी चुकली आणि बटण एकदा जास्त दाबलं गेलं.

पडद्यावर एक बुटकी भिंत होती. भिंतीवर केळीच्या पानाचा तुकडा, पानावर एक वेडीवाकडी, एका बाजूला जाड राहिलेली भाकरी, आणि तिच्यात चोच घातलेला एक काळा पक्षी.

“अगबाई, तिकडे पण कावळे?” तिसऱ्या रांगेतल्या लीलावतीबाईंनी विचारलं.

“कावळा नाही तो,” रघुवीर म्हणाले. “शेपूट लांब असतं आणि डोळे पिवळे. सानाते म्हणतात.” ते थांबले. आता पुढचा फोटो दाखवला असता तर कोणालाच काही कळलं नसतं. त्यांनी हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

“कधीचा फोटो आहे?” मागून मालविकाने विचारलं. हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या.

“माघ वद्य पंचमी,” ते म्हणाले.

मग ते बोलले. इतक्या वर्षांत सोमणांनीही त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. चियापा दे कोर्सो नावाचं गाव आहे, उकाड्याचं, नदीकाठचं, म्हणाले. चौकात पांढऱ्या सावरीचं जुनं झाड आहे. तिथे मंडईत एक बाई मातीच्या तव्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. मका चुन्याच्या निवळीत शिजवून घेतात, तो वास लांबूनच येतो. तिथीला तिथे पोचायचं असं आधीपासून ठरवलेलं होतं. तिच्यासमोर वही उघडली आणि सुचेताच्या अक्षरातलं वाक्य वाचून दाखवलं. मी एक करून बघू का, एवढंच होतं ते. बाईने एकदा वहीकडे, एकदा यांच्याकडे बघितलं आणि सरकून शेजारी जागा करून दिली.

“मी जन्मात भाकरी थापलेली नाही. दोन मोडल्या. तिसरी झाली ती ही. घेऊन झाडाखाली गेलो, भिंतीवर ठेवली आणि म्हटलं, आलो बघ आपण. उशीर झाला, माझ्यामुळे झाला.” पाण्याचा ग्लास सोमणांनी पुढे केला, पण त्यांनी घेतला नाही. “दहाव्याला बागेत मला माहीत होतं. तुम्ही सगळे शब्द देत होतात आणि मी गप्प बसलो. मालू, तू वर्षभर विचारत होतीस आणि मी काय माहीत म्हणत होतो. ते खोटं होतं.”

मालविका टेबलापासून दोन पावलं पुढे आली.

“आणि तो शिवला?”

“मी हातही मागे घेतला नव्हता, तोच आला.”

तिने मान हलवली. मग वळून चहाचे रिकामे कप एकात एक घालून रचत राहिली. पाठ सगळ्यांकडे होती, म्हणून ती रडली की नाही ते कोणाला सांगता आलं नाही. लीलावतीबाईंनी मात्र उघड डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या की आपण उगीच काहीबाही बोलत होतो या माणसाबद्दल.

घरी जाताना गाडी मालविकाने चालवली. वही मांडीवर घेऊन रघुवीर शेजारी बसले होते. सिग्नलला तिने ती मागून घेतली आणि शेवटचं पान उघडलं. सगळ्या ओळींपुढे त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. शेवटची ओळ कोरीच होती.

“ही का नाही केली?”

“ते काम तिचं होतं. मी बदली म्हणून गेलो होतो.”

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा तिने वही परत दिली. दारात बूट काढता काढता तिने विचारलं, “घरात मक्याचं पीठ आहे? मला दाखवा कसं करतात ते. आईने मला कधी शिकवलं नाही. मी कधी विचारलंच नाही.”

पीठ होतं. तिथून आल्यापासून ते रोज एक थापून बघत होते आणि रोज ती एका बाजूला जाड राहत होती. आजही राहिली. मालविकाची तर तव्यावर टाकतानाच दुमडली. तिने ती उलथन्याने सरळ करायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि हसली. किती महिन्यांनी हसली, हे रघुवीरनी मनात मोजलं.

भाकऱ्या झाल्यावर तिने आपल्या भाकरीचा एक तुकडा मोडला, मागचं दार उघडून बागेत गेली आणि तो विटांच्या भिंतीवर ठेवून आली. बाहेर अजून चांगला उजेड होता. शेजाऱ्यांच्या धुराड्यावर काहीतरी काळं बसलेलं होतं. तिने दार लावून घेतलं. रघुवीरनी दोन ताटं मांडली, आणि खिडकीकडे पाठ करून दोघं जेवायला बसली.