तेजसचं क्रेट

चूक कबूल करायची मला सवय नाही, हे आधीच सांगते. सावद्याच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये मी बावीस वर्षं आहे. आधी फण्या धुतल्या, आता बारा बायकांवर देखरेख करते. एवढ्या वर्षांत ‘रत्नाअक्का, तुमचं चुकलं’ असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

माझा नातू तेजस एकोणीस महिन्यांचा झाला तरी चालेना. बाकी सगळ्यात पुढे. केळं स्वतःच्या हातानं सोलायचा, फोमचे तुकडे एकावर एक रचायचा, ट्रकचा हॉर्न ऐकला की ‘पप्पा’ म्हणायचा, कारण माझा मुलगा प्रेमराज ट्रकवर असतो. पण पाऊल म्हणून टाकेना. शेजारच्या प्रमिलाबाईची नात त्याच्याहून दोन महिन्यांनी लहान, ती अंगणभर कोंबड्यांमागे पळायची. प्रमिलाबाई मुद्दाम मी दारात असताना तिला हाका मारायची.

माझा राग निघायचा सुनेवर. दिपमाला शिंदखेड्याकडची, पॅकहाऊसमध्ये माझ्याच हाताखाली कामाला. “तुमच्याकडे सगळे असेच उशिरा चालतात का गं?” असं मी तिला चार बायकांत विचारलं, आणि एकदाच नाही. ती खाली मान घालून खोकी भरत राहायची. एके दिवशी मात्र म्हणाली, “अक्का, त्याले जरा खाली सोडी देखूत ना.”

“कुठे सोडतेस? या चिकात?”

माझं काही खोटं नव्हतं. पॅकहाऊसची फरशी कायम ओली, त्यात केळीचा चीक, जागोजागी कोयते. मोठी माणसं घसरून पडतात. म्हणून तेजस बसायला लागल्यापासून मी त्याला केळीच्या क्रेटमध्ये ठेवायची, खाली फोम घालून, अगदी नजरेसमोर. तो कडा धरून उभा राहिला की क्रेट कलंडेल या भीतीनं मी ओरडायची, “बस!” की बसायचा बिचारा. घरी गेल्यावर मग माझ्या कडेवर. इतकं शहाणं पोर कुणाच्या घरी नाही, असं मी सांगत फिरायची.

शेवटी मी आणि दिपमालानं त्याला जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पोराच्या पायात खरंच काही निघालं तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे गुडघे वाकवले, घोटे फिरवले, तळव्यांना गुदगुल्या केल्या. मग खुर्चीला धरून उभं केलं. उभा राहिला की! चांगला ताठ. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “बस,” आणि आपण होऊन खाली बसला.

बाई हसल्या. पुन्हा उभं केलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं, “बस,” आणि खाली. मला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत दिल्यासारखं झालं.

“पाय छान आहेत,” बाई म्हणाल्या. “दिवसभर कुठे असतो हा?”

आता दिपमाला बोलणार, इतक्या दिवसांचं सगळं माप माझ्या पदरात घालणार, असं मला वाटलं. तिच्या जागी मी असते तर घातलंच असतं. ती मात्र गुमान पोराचा मोजा सरळ करत राहिली.

“क्रेटमध्ये,” मीच म्हणाले. “केळीच्या. मी ठेवते. हिचा काही दोष नाही.”

“मग आता कोरड्या जागेवर सोडा, अनवाणी. पडेल, पडू द्या. तोल त्यातूनच येतो. महिन्यानं परत आणा.”

परतीच्या एसटीत फैजपूर येईपर्यंत मी मनात शब्द जुळवत होते. मग म्हणाले, “दिपमाला, माझं चुकलं.”

“ऱ्हाऊ द्या, अक्का,” ती म्हणाली. “पोऱ्याना पाय चांगला शेतस ना, मंग व्हयनं.”

दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून कोऱ्या खोक्यांची पडवी मोकळी केली, झाडून घेतली. क्रेट उलटं ठेवलं आणि त्याच्यासमोर तेजसला सोडलं. काम टाकून बायका बघायला जमल्या, मीही कुणाला हटकलं नाही. पोरानं क्रेटला धरलं, उभा राहिला, क्रेट पुढे सरकलं आणि तो हातांवर आपटला. रडला. माझे हात आपोआप पुढे गेले. मी खाली बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगते याची तो वाट बघत होता.

“ऊठ,” मी म्हणाले.

उठला. क्रेट खरखरत पुढे गेलं, एक पाऊल, दुसरं, तिसरं. माझ्याकडे नाही आला. पडवीच्या दुसऱ्या टोकाला दिपमाला उभी होती, तिच्याकडे गेला.