पालथे दगड

समजा, तुम्ही नऊ-दहा वर्षांच्या आहात. सकाळी गावच्या मालकाची दोन माणसं घरात शिरली, जात्याचा वरचा दगड उचलला आणि चालती झाली. खालचा दगड तिथेच राहिला. आता एकट्या दगडावर दळायचं कसं? राग आला ना? येऊ द्या. रागावण्यासारखीच गोष्ट आहे.

फार जुन्या काळी एका गावात असं झालं. मालकाने ओढ्यावर पाणचक्की बांधली होती. चक्की चांगलीच होती, बायकांचे खांदे वाचले असते. पण तिथे दळलं की पिठातला वाटा मालकाला द्यावा लागे, म्हणून कोणी फिरकेना. तेव्हा मालकाने घरोघरचा एकेक दगड काढून नेला आणि ते सगळे आपल्या अंगणात फरशीसारखे बसवायला घेतले. लोकांच्या तोंडचा घास पायाखाली घेऊन चालायची हौस, दुसरं काय!

दगड बसवायला बोलावलं टाकीवालीला. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की दाणे नुसते घरंगळतात. मग ही बाई छिन्नी-हातोडीने दळणाऱ्या बाजूला टाके घाली. गावातल्या प्रत्येक दगडावर तिचा हात फिरलेला होता. सोबत तिची भाची होती. अखंड बोलायची, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत.

"हे टाके घासून काढ," मालकाचा कारकून म्हणाला. "मालकांच्या पायांना टोचतील."

"नाही जमायचं," टाकीवाली म्हणाली.

"का? हात मोडलेत?"

"हात धड आहेत. तीस वर्षं ज्या हातांनी टाके घातले, त्याच हातांनी पुसू?"

टाके गेले की दगड कायमचा गेला, हे तिला माहीत होतं. कारकुनाला नव्हतं. त्याने एक दगड पायाने पालथा केला. वर्षानुवर्षं बायकांचे हात लागून त्याची पाठ गुळगुळीत झाली होती. कारकुनाचा चेहरा खुलला.

"अगं, ही बघ चांगली बाजू. ती खराब झालेली बाजू वाळूत घाल. एवढीही अक्कल नाही तुला?"

"आत्या, पण तीच तर..." टिटवीने तोंड उघडलं.

"टिटवे, वाळू आण," आत्या म्हणाली. "त्यांना दळणातलं सगळं कळतं."

दुपारपर्यंत एकोणचाळीस दगड पालथे बसले. खाली वाळूत टाके जसेच्या तसे. निघताना कारकुनाने हात पुढे केला.

"छिन्नी-हातोडी दे इकडे. गावात जातंच उरलं नाही, तुला कशाला हवीत?"

टाकीवालीने छिन्नी तळहाताने पुसली आणि हातोडीसह जमिनीवर ठेवली. त्याच्या हातात दिली नाही.

"चल गं," ती म्हणाली.

टिटवी हलली नाही. "दगड डुगडुगतात का बघते," तिने कारकुनाला सांगितलं.

"बघ, बघ," तो म्हणाला.

ती पहिल्या दगडावर उभी राहिली. "सुईणमावशीचा," ती पुटपुटली. दुसऱ्यावर उडी. "कुंभारकाकांचा." तिसऱ्यावर. "आमचा." एकोणचाळिसावा दगड झाल्यावर ती वळली, आणि कोणता कोणाचा हे विसरायला नको म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.