काटा खाली आला तेव्हा

मित्रांनो, स्टाव्रोच्या गॅरेजमागे, तारेच्या कुंपणाला लागून जी पांढरी पिकअप उभी आहे ना, ती मी. माझे इंजिन आता फिरत नाही. बॉनेटखाली सरडे राहतात. तरी मी बोलणार आहे, कारण एक माणूस शेवटच्या वाटेला लागला तेव्हा मी त्याच्याजवळ होते, आणि तो कसा गेला हे माझ्याइतके जवळून कोणीही पाहिलेले नाही.

मी जहाजातून उतरले तेव्हा माझ्या काचांवर अजून कागद चिकटलेले होते. क्लेम ट्रेगिअर नावाच्या तरुणाने मला घेतले आणि विलारूला आणले. विलारू म्हणजे त्याचे गुरांचे रान. घरापासून गाव दीडशे किलोमीटर, रस्ता लाल मातीचा, आणि वाटेत एकही घर नाही. रानात सात बोअर होत्या आणि प्रत्येक बोअरशेजारी गुरांच्या पाण्याची एक हाळ. कुठला पंप चालतो, कुठला अडकला, हे रोज फिरून पाहायचे. ते माझे काम. गुरे हाळाशी उभी असली तर क्लेम हॉर्न वाजवून पुढे जाई. हाळ कोरडी दिसली की त्याचा चेहरा उतरे.

माझी खरी मालकीण मात्र त्याची बायको नोला. लेक ग्वेना हिच्या वेळी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा ओढ्याला पूर आला होता. मी ते पाणी ओलांडून दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि बंद पडले नाही. ग्वेनाला घेऊन घरी परतल्यावर नोलाने पोरीला आधी माझ्या बॉनेटवर टेकवले आणि म्हणाली, "हिला बघून ठेव. हिनं तुला आणलंय."

दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, नोला माझे बॉनेट उघडायची. रेडिएटरचे झाकण फिरवून आत बोट घालायची. बेल्ट दाबून पाहायची. रबरी नळ्या चाचपायची. पाणी घालायचे तर छपरावरून टाकीत साठलेले पावसाचेच, आणि त्यात मापाने कूलंट, इंजिन थंड ठेवणारे हिरवे द्रव्य. क्लेम तिची चेष्टा करी.

"अगं, बोअरचं पाणी हाताशी आहे ना. टाकीतलं कशाला संपवतेस?"

"तू पितोस का बोअरचं?"

"मचूळ आहे. कोण पिणार?"

"मग तिला का पाजायचं?"

अशी चौतीस वर्षे गेली. ग्वेना शिकायला शहरात गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मग नोलाच्या पोटात गाठ निघाली. शेवटचे तिला मीच गावातल्या दवाखान्यात नेले. ती खिडकीला डोके टेकवून बसली होती आणि खड्डा आला की क्लेम माझा वेग इतका कमी करी, की मी जवळजवळ थांबे. परत येताना शेजारची सीट रिकामी होती.

त्यानंतर रविवारी बॉनेट कोणी उघडले नाही.

क्लेम वाईट माणूस नव्हता. तो नुसता थकला होता. सकाळी उठे, डबाबंद मांस तसेच थंड खाई आणि निघे. रेडिएटरमध्ये पाणी कमी झाले की जी बोअर जवळ असेल तिथले भरी. मित्रांनो, त्या पाण्यात क्षार फार. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तसा माझ्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये धरू लागला. वर्षभरात खालच्या नळ्या जवळपास बुजल्या. मग उन्हाळ्यात तापमान दाखवणारा माझा काटा वर सरकू लागला.

मी माझ्या परीने सांगत होते. थांबल्यावर उकळलेल्या कूलंटचा गोडसर वास येई. वॉटर पंपाखाली हिरवट डाग पडे. काटा मधल्या खुणेवरून हळूच वर जाई आणि चढ संपला तरी उतरत नसे. क्लेमने काय केले? थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, काढून झुडपात फेकून दिला. कोणीतरी त्याला सांगितले होते, की तो नसला म्हणजे पाणी मोकळे वाहते. दोन दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच.

दर संध्याकाळी सहाला घरातल्या फोनवर ग्वेनाचा फोन येई; रानात मोबाइल चालत नसे. नोला गेल्यापासून एक दिवसही चुकला नव्हता. क्लेम कुठेही असला तरी सहाच्या आत मला घरी आणी.

जानेवारी उजाडला, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. पाऊस नव्हता. एका सकाळी वाटेत वाफेचा लोट उठला तेव्हा मात्र क्लेमला गावात यावे लागले. स्टाव्रो त्याचा जुना मित्र. बाप ग्रीसहून आलेला, आणि हे गॅरेजही बापाचेच. स्टाव्रोने मला सावलीत उभे केले आणि दोन तास हातही लावला नाही.

"बघ ना लवकर," क्लेम म्हणाला.

"गरम इंजिनाचं झाकण उघडून माझ्या काकानं तोंड भाजून घेतलं होतं. बस. चहा घे. आधी मला सांग, तापते कधी? हळू चालताना, की पळवल्यावर?"

"पळवल्यावर. मागे ओझं असलं की जास्तच."

"मग पंख्याचा दोष नाही. पंखा बिघडला तर हळू चालताना तापते. पळताना तापते म्हणजे पाणी कुठेतरी अडतंय."

इंजिन थंड झाल्यावर त्याने झाकण काढले. आतले पाणी विटकरी रंगाचे होते. झाकणाच्या रबराला चिरा गेल्या होत्या. मग त्याने मला सुरू केले आणि रेडिएटरवरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला, आजाऱ्याचे अंग पाहावे तसा. वर चटका बसत होता, खाली थंडगार.

"खालचा अर्धा भाग बुजलाय, क्लेम. गरम पाणी तिथे पोचतच नाही. आणि थर्मोस्टॅट कुठाय?"

"काढला."

"कुणी सांगितलं तुला? या इंजिनात तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच गोल फिरतं. औषध म्हणून विष पाजलंस तिला."

स्टाव्रो रेडिएटरच्या तोंडाशी वाकून बराच वेळ पाहत राहिला. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते, थांबत नव्हते. वरची नळी त्याने दाबली. इंजिन अजून नीट तापलेही नव्हते, आणि नळी दगडासारखी फुगली होती. त्याने मला बंद केले आणि हात पुसले.

"इंजिनाच्या वरच्या भागाखालचं हेड गॅस्केट सुटायला लागलंय. आतला जाळ पाण्यात घुसतोय. आता ही चालवायची नाही. हेड उतरवावं लागेल, रेडिएटर नवा. सामान गुरुवारच्या ट्रकनं येईल."

"आज मंगळवार."

"हा गुरुवार नाही. पुढचा."

"सात नंबरचा पंप बंद पडलाय, स्टाव्रो. दोनशे गायी आहेत तिथे. हाळीत उद्यापुरतं पाणी असेल नसेल. या उन्हात त्यानंतर एक दिवस."

"माझी गाडी ने."

"तुझी ती छोटी गाडी वाळूत रुतून बसेल. मग गायी जातील आणि तुझी गाडीही."

दोघेही खरे बोलत होते, मित्रांनो. म्हणूनच ते ऐकणे फार जड होते.

स्टाव्रोने होते तेवढे केले. आतून धुतले, नवे झाकण बसवले, जुन्या एका गाडीतला थर्मोस्टॅट काढून घातला. हौद्यात वीस लिटरचा एक कॅन ठेवला. शेजारी दहा लिटरचा दुसरा.

"मोठा तिचा. छोटा तुझा. छोट्याला हात लावायचा नाही, ती कितीही रडली तरी. कळलं का? साठच्या वर पळवू नकोस. काम झालं की बोअरपाशीच ऊन उतरेपर्यंत बस."

"आईसारखा बोलतोयस."

"तुला असं सांगायला आता दुसरं कोणी आहे का?" असे म्हणून स्टाव्रोने चावी त्याच्या हातात ठेवली. स्वतःचा हात त्याने चावीवर क्षणभर तसाच राहू दिला.

बुधवारी पहाटे आम्ही सात नंबरला निघालो. घरापासून त्रेसष्ट किलोमीटर. क्लेमने मला चाळीसच्या वर नेले नाही आणि मी नीट गेले. गायी कोरड्या हाळीभोवती माना घालून उभ्या होत्या. दोन खाली बसल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने एकट्याने पंपाचा दांडा उपसून काढला, वायसर बदलले आणि दांडा पुन्हा सोडला. दुपारी एकच्या सुमाराला पाइपातून पाणी आले. गायी एकमेकींना ढुशा देत आत घुसल्या. बसलेल्या दोघींपैकी एक उठली. क्लेमने टोपी भिजवून डोक्यावर घातली आणि कितीतरी दिवसांनी तो हसला.

तो ऊन उतरेपर्यंत तिथेच बसला असता तर ही गोष्ट मी सांगितलीच नसती. पण पंप बंद पडतो की काय या धास्तीने तो बसून राहिला पाचपर्यंत, आणि मग घड्याळ पाहून दचकला. सहाला फोन. ऊन उतरले नव्हते. वाळूची वाट. साठने सहापर्यंत घर गाठता येत नव्हते. त्याने मला ऐंशीवर नेले.

बारा किलोमीटरवर मी उकळले. तो थांबला, वाट पाहिली, झाकणावर फडके टाकून ते हळूच सैल केले, मोठ्या कॅनातले पाणी ओतले. पुढे निघालो. आणखी सहा किलोमीटरवर पुन्हा. त्याने उरलेले सगळे ओतले. गॅस्केट आता पुरते फाटले होते. जे आत जात होते ते वाफ होऊन मागच्या धुरातून जात होते. मागे पांढरा धूर येत होता, पण लाल धुळीत तो त्याला दिसला नाही.

तिसऱ्यांदा थांबल्यावर तो छोट्या कॅनाकडे बराच वेळ पाहत राहिला. "घरापर्यंत एकेचाळीस," तो मला म्हणाला. "एवढं नेलंस की बस." आणि त्याने स्वतःचे पिण्याचे पाणी माझ्यात ओतले. एक बाटली तेवढी मागे ठेवली. मित्रांनो, ते पाणी मी प्याले. नको म्हणायला मला तोंड नव्हते.

थोडे अंतर गेल्यावर काटा लाल खुणेपर्यंत चढला. आणि मग एकदम खाली आला. अगदी खाली, थंड इंजिनाच्या खुणेवर.

"शाब्बास म्हातारे," क्लेम म्हणाला आणि त्याने डॅशबोर्डवर थाप मारली. "निवलीस एकदाची."

मी निवले नव्हते. माझ्यात पाणीच उरले नव्हते. काट्याला उष्णता कळते ती पाण्यातून. पाणी नसले की कोरडा पडलेला काटा खोटे बोलतो, आणि तो नेमक्या त्याच वेळी खोटे बोलतो. क्लेमने वेग वाढवला. चार मिनिटांनी आतून करकर आवाज झाला, मग एक ठोका, आणि मी जागच्या जागी जाम झाले.

तो आधी माझ्या सावलीत बसला. बाटलीतले अर्धे पाणी प्याला. आकाशाकडे, मग मागच्या वाटेकडे पाहिले. बोअर अठ्ठावीस किलोमीटरवर होती आणि तिथे पाणी होते, स्वतःच्या हाताने चालू केलेले. तो उठला. माझ्या आरशावर त्याने टोपी क्षणभर अडकवली, पुन्हा घातली आणि चालू लागला. आरशात तो लहान होत गेला. नंतर दिसेनासा झाला.

सहाला ग्वेनाचा फोन कोणी उचलला नाही. तिने शेजारच्या रानातल्या माणसांना कळवले. उजाडताच त्यांचे छोटे विमान निघाले, आणि मी त्यांना लगेच दिसले. लाल वाळूत पांढरी गाडी दुरूनच उठून दिसते. वैमानिकाने माझ्यावरून दोन घिरट्या घातल्या. क्लेम तिसऱ्या दिवशी सापडला, माझ्यापासून नऊ किलोमीटरवर, एका काटेरी झुडपाखाली.

सात नंबरची हाळ भरून वाहत होती.

मला ओढून इथे आणले. स्टाव्रोने हेड उतरवले तेव्हा ग्वेना समोर डब्यावर बसून होती. त्याने तिला सगळे दाखवले: जळलेले गॅस्केट, करवतीने कापलेल्या रेडिएटरमधला पांढरा खडा, काट्याला पाण्याची उष्णता कळवणारी, आता कोरडी तार.

"काका, बाबांना कळलं असेल का, काय होतंय ते?"

"नाही, पोरी. काटा खाली आलेला बघून त्याला बरंच वाटलं असेल."

स्टाव्रो खाली बघत म्हणाला, "चावी मी दिली त्याला."

"दोनशे गायी होत्या, काका. तुम्ही नसती दिली तर ते चालत गेले असते." मग ती म्हणाली, "मी रोज सहाला फोन करायचे. एखाद्या दिवशी सातला केला असता तर?"

स्टाव्रोने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण हाताला तेल होते म्हणून लगेच उचलला. तिने तो हात धरून पुन्हा तिथेच ठेवला.

गायी विकल्या गेल्या. विलारूच्या घराला कुलूप आहे. स्टाव्रोने मला भंगारात दिले नाही, आणि दुरुस्तही केले नाही. जाता येता तो माझ्याकडे बघतही नाही.

मित्रांनो, माझे सांगणे थोडेच आहे. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर ती थंड असताना तिचे झाकण उघडून पाहा. तिच्या वासाकडे, जमिनीवरच्या डागाकडे लक्ष द्या. काटा चढला तर थांबा, आणि विनाकारण एकदम पडला तर त्याहूनही आधी थांबा. स्वतःच्या तोंडचे पाणी कुठल्याही यंत्राला पाजू नका. आणि रानात गाडी बंद पडलीच तर तिच्या सावलीला बसून राहा, कितीही वेळ लागो. गाडी आकाशातून दिसते. माणूस दिसत नाही.