सारवलेलं ग्रीन

हवालदार नानासो पलटणीतून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक दुखरा गुडघा आणि गोल्फच्या तीन काठ्या होत्या. एका कर्नलसाहेबांनी नव्या काठ्या घेतल्या आणि जुन्या यांना देऊन टाकल्या. तासगावजवळच्या त्या गावात गोल्फ कुणी बघितलेलं नव्हतं. त्यामुळं बरीच वर्षं एका काठीनं त्यांच्या पत्नी धोंडुबाई चिंचा पाडायच्या आणि दुसरीनं शेळी हाकायच्या. तिसरी दाराच्या फटीत आडणा म्हणून बसली.

एकशे बारा वर्षांनी गोल्फ ऑलिम्पिकमध्ये परतलं ते दोन हजार सोळा साली. नानासोंच्या गावात पोचायला त्याला आणखी पाच वर्षं लागली. टोकियोच्या वेळी आपल्या देशाची एक मुलगी पदकाच्या अगदी दारात उभी आहे असं कळलं आणि शनिवारी सकाळी दूध घालायला आलेली माणसं डेअरीतल्या टीव्हीसमोर किटल्या घेऊन तशीच थांबली. कुणाला काही कळत नव्हतं. नानासो मात्र कोपऱ्यातून सांगत होते, आता ही काठी घेईल, आता बॉल डावीकडं वळेल. बॉल डावीकडं वळला. सगळ्यांनी मागं वळून नानासोंकडं बघितलं, आणि माणसाचं वाटोळं व्हायला तेवढं बघणं पुरतं.

"नानासो, तुमी पलटणीत ह्येच खेळत हुतासा न्हवं?" बेदाणा शेडवाल्या लालासाहेबांनी विचारलं.

"व्हय. जनरलसाहेबांबरोबर," नानासो म्हणाले.

खरी गोष्ट अशी, की गुडघा दुखावल्यावर नानासोंची ड्यूटी छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर लागली आणि पुढची चौदा वर्षं त्यांनी तिथं गवत कापलं. गवत कापणं, पाणी मारणं, भोकाची जागा बदलणं, पहाटेचं दव लांब काठीनं झाडणं. जनरलसाहेब त्यांच्याशी एकदा बोलले होते, ते "जरा बाजूला हो" असं. पण सैन्यात जाऊन माळीकाम केलं हे गावात सांगायची लाज वाटायची, म्हणून एवढी वर्षं ते नुसते गप्प होते. त्या सकाळी गप्प राहायचं सोडून ते बोलले, तिथं चुकलं.

टोकियोची मुलगी चौथी आली. डेअरीत हळहळ झाली, किटल्या घरी गेल्या. पण अकरा वर्षांची नात शिवांजली नानासोंचा हात धरून म्हणाली, "आबा, मला शिकवा."

आता जनरलसाहेबांबरोबर खेळलेला माणूस नाही कसं म्हणणार? दाराचा आडणा निघाला, शेळीची काठी आणि चिंचेची काठी धुवून आली. हंगाम संपला की लालासाहेबांची शेड रिकामी असायची. तिथली हिरवी जाळी दुहेरी बांधून शिवांजली तीत बॉल मारायला लागली. लांबचे फटके उसाच्या कडेला. ऊसतोड झाली की गेल्या वर्षीचे बॉल सापडायचे, आणि तोडकरी मंडळी ते नारळ आणून दिल्यासारखे अदबीनं आणून द्यायची. पोरगी जात्याच तयार होती. नानासो फक्त "मान खाली ठेव" एवढंच सांगायचे, कारण छावणीत सगळे साहेब एकमेकांना तेवढंच सांगायचे.

अडलं ते ग्रीनपाशी. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं ते गालिच्यासारखं बारीक गवत. त्यावर बॉल मारायचा नसतो, नुसता ढकलायचा असतो, आणि निम्मा खेळ तिथंच होतो. शिवांजलीनं दोनदा विचारलं, "आबा, आपुन गवत लावूया?"

"गवत? अगं, ती हरळीचीच जात. इथं लोक जलमभर हरळी उपटत्यात, आनि आपुन लावायची?"

"आवं, तुमाला तर लय चांगलं येतंय की," चुलीपासून धोंडुबाई म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. नानासोंनी त्यांच्याकडं असं बघितलं, की पुढचं वाक्य भाकरीबरोबर तव्यावरच राहिलं.

कारण हातात कापायचं यंत्र घेऊन नानासो एकदा का गवतावर उतरले असते, तर त्यांची वाकलेली पाठ बघूनच लालासाहेबांनी ओळखलं असतं, की हा माणूस खेळणारा नव्हे. म्हणून त्यांनी शेडमागची जागा चोपून घेतली, शेणानं सारवली आणि मधे एक डबा पुरला. दर आठ दिवसांनी धोंडुबाई ती पुन्हा सारवायच्या. त्यावर बॉल असा पळायचा, की बोट लावलं तरी डब्याच्या पुढं जायचा. शिवांजलीनं चार वर्षांत हात इतका हलका केला, की काठी बॉलला विचारून टेकते आहे असं वाटावं. "ह्येला म्हंत्यात हात," नानासो बघणाऱ्यांना सांगायचे.

पुण्यातल्या निवड चाचणीला ते एसटीनं गेले. राज्याच्या ज्युनियर चमूत सहा मुली घ्यायच्या होत्या, आणि लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकचा रस्ता शिवांजलीच्या हिशेबानं तिथूनच सुरू होत होता. काठ्यांची पिशवी उचलायला घरचं माणूस चालत होतं, म्हणून नानासो पिशवी घेऊन मागोमाग निघाले. पहिला लांब फटका तिनं असा मारला, की इतर मुलींचे बाप वळून बघायला लागले. नानासोंची छाती फुगली. तेवढ्यात ग्रीन आलं.

तिनं बॉल ढकलला. तो निम्म्या वाटेत थांबला. पुन्हा ढकलला, पुन्हा हातभर अलीकडं. दुसऱ्या भोकाला तेच, तिसऱ्याला तेच. चौथ्याला एका मुलीच्या आईनं तोंडावर हात धरला, आणि ती कशासाठी हसते आहे हे नानासोंना बघायचीही गरज नव्हती.

शिवांजली त्यांच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. "आबा, बॉल जाईना. जनरलसाहेबांबरोबर खेळताना तुमी काय करत हुतासा?"

नानासोंनी पिशवी खाली ठेवली. आणखी एक थाप तयार होती, जिभेच्या टोकावर होती. पण पुढची चौदा भोकं पोरगीला खेळायची होती.

"मी कवाच खेळलो न्हाई, पोरी. मी तिथं गवत कापत हुतो. चौदा वर्सं."

ती अगदी हळू म्हणाली, "मग तुमाला ह्ये गवत करता येत हुतं?"

"व्हय."

"मग चार वर्सं मला शेणावर का खेळवलासा?"

"लाज वाटली," नानासो म्हणाले. लढाईत न गेलेल्या त्या हवालदाराला तेवढे दोन शब्द काढायला जी ताकद लागली, ती चौदा वर्षांत कधी लागली नव्हती.

मागची मंडळी घाई करायला लागली. शिवांजलीनं बाहीनं डोळे पुसले. "आता काय करू, त्ये सांगा."

नानासो दुखऱ्या गुडघ्यावर बसले आणि गवतावर तळहात फिरवला. सकाळचं कापलेलं, पाणी जरा जास्त झालेलं. "ह्यो पट्टा फिकट दिसतोय, हितं गवत फुडं झोपलंय, बॉल पळंल. त्यो गडद दिसतोय, तितं गवत बॉलच्या तोंडावर येतंय. तितं दुप्पट जोर दे. भिऊ नगंस."

तिनं दुप्पट जोर दिला. बॉल गडद पट्टा ओलांडून भोकात पडला. त्यानंतर प्रत्येक ग्रीनवर नानासो आधी खाली बसायचे, मग ती काठी उचलायची. तिच्यापुढच्या मुली मागं पडत गेल्या. शेवटी ती आठवी आली. सहावीपेक्षा तीन फटके जास्त, आणि ते तीन फटके पहिल्या चार भोकांतच गेले होते. पुढची चाचणी वर्षानं होती. परतीच्या एसटीत ती कराडपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. नानासोंनी समजूत काढली नाही. ज्याच्यामुळं झालं, त्यानं कसली समजूत काढायची?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सारवलेली जागा कुदळीनं फोडली. वाळू टाकली, माती चाळली आणि हरळीची बारीक जात हातानं एकेक काडी लावली. महिन्याभरानं कापायचं यंत्र घेऊन ते गवतावर उतरले, पाठ वाकवून, सरळ पट्टे पाडत. गावातली माणसं बांधावर जमली. हरळी लावणारा शेतकरी त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

"नानासो, ह्ये कुटं शिकलासा?" लालासाहेबांनी विचारलं.

"पलटणीत. ह्येच काम हुतं माजं."

"आनि जनरलसाहेब?"

"त्ये खेळायचे. मी बाजूला व्हायचो."

बांधावर हशा पिकला. त्यात नानासो स्वतःही मनापासून हसले. हशा ओसरला तेव्हा शिवांजली काठी घेऊन कडेला उभी होती, चप्पल काढून.

"अजून पंधरा दिस पाय ठेवू नगंस," नानासो म्हणाले. "मुळं धरू देत."

ती मागं सरकली. चार वर्षांच्या शिकवणीत, गावात तरी, त्यांना स्वतःला पक्की ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी तिला पहिल्यांदाच सांगितली होती.